५५ प्लस वसाहत निवडताना काय तपासावे? न्यू जर्सी, टेक्सस की फ्लोरिडा

धागाकर्ती

नमस्कार. आम्ही दोघे गेली एकतीस वर्षे न्यू जर्सीत राहत आहोत. यजमान ६४ वर्षांचे आहेत, मी ६१ वर्षांची आहे, आणि येत्या वर्षभरात आम्ही दोघेही नोकरीतून निवृत्त होणार आहोत. मुले आपापल्या संसाराला लागून बराच काळ झाला असून हे मोठे दुमजली घर आता आमच्याने सांभाळवत नाही. गेल्या हिवाळ्यात बर्फ काढताना यजमानांची पाठ धरली आणि ते तीन आठवडे अंथरुणाला खिळले, तेव्हा हे घर सोडण्याचा विषय प्रथमच गंभीरपणे निघाला.

सध्या आमच्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला इथलाच, मिडलसेक्स काउंटीतील मनरो टाउनशिपमधील एखादी ५५ प्लस, म्हणजे ५५ वर्षे किंवा अधिक वयाच्या लोकांसाठीची, वसाहत. मुलगी आणि दोन लहान नाती तिथून चाळीस मिनिटांवर राहतात. दुसरा पर्याय ऑस्टिनच्या उत्तरेस जॉर्जटाउन येथील सन सिटीचा, कारण मुलगा ऑस्टिनमध्ये आहे. तिसरा मध्य फ्लोरिडातील 'द व्हिलेजेस'चा, जिथे यजमानांचे दोन जुने सहकारी स्थायिक झाले आहेत. तिन्ही ठिकाणी आम्ही एकेक फेरी मारून आलो. सगळीकडे क्लबहाउस सुंदर, पोहण्याचे तलाव स्वच्छ, माणसे हसतमुख आणि विक्री कार्यालयातील मंडळी अतिशय अगत्यशील होती. परत आल्यावर आमच्या लक्षात आले, की तिन्ही ठिकाणांमधला फरक आम्हांला सांगताच येत नाही. जे प्रत्यक्ष अशा वसाहतीत राहतात, किंवा राहून बाहेर पडले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. आम्ही काय पाहायला हवे होते?

प्रतिसाद १

ताई, आम्ही नऊ वर्षांपासून मध्य न्यू जर्सीतील अशाच एका वसाहतीत राहतो. येताना आमचा जो गैरसमज होता, तोच आधी सांगतो. ५५ प्लस वसाहत म्हणजे वृद्धांची काळजी घेणारी संस्था, असे आम्ही मनात धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती वयाची अट असलेली एक गृहवसाहत असते आणि तिच्यात जेवण, परिचारिका, औषधांची व्यवस्था यांपैकी काहीही अंतर्भूत नसते. १९८८ साली केंद्रीय गृहनिर्माण कायद्यात दुरुस्ती होऊन मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारण्यास बंदी आली, तेव्हा ज्येष्ठांच्या वसाहतींना त्यातून सूट देताना तिथे ज्येष्ठांसाठी खास सोयी आणि सेवा असल्या पाहिजेत अशी अट घातली होती. १९९५ च्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली. त्यामुळे फलकावर 'अॅक्टिव्ह अॅडल्ट' असे लिहिले असले, तरी त्यावरून तिथे कोण राहू शकते एवढेच कळते. तुमच्यासाठी कोणी काय करणार आहे, हे त्यातून कळत नाही.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. आम्ही घर पाहण्यात चार शनिवार घालवले आणि वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या घरमालकांच्या संस्थेचे कागद वकिलांच्या कार्यालयात बसून वीस मिनिटांत चाळले. त्याची किंमत आम्हांला तिसऱ्या वर्षी कळली. क्लबहाउसचे छप्पर आणि तलावाची यंत्रणा एकाच वर्षी बदलावी लागली, राखीव निधीत पुरेसे पैसे नव्हते आणि प्रत्येक घरामागे ४,२०० डॉलरची विशेष आकारणी आली. ज्यांचे उत्पन्न केवळ सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनावर, होते, अशा दोन शेजाऱ्यांना ती रक्कम हप्त्यांनी भरावी लागली. नंतर मी जुनी इतिवृत्ते काढून वाचली, तेव्हा त्या छपराची चर्चा आम्ही घर घेण्याच्या आधीच दोन वर्षे चालू असल्याचे दिसले. कोणी काही लपवले नव्हते. आम्ही वाचले नव्हते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की घर पसंत पडण्याच्या आधीच संस्थेकडून राखीव निधीचा अभ्यास, म्हणजे रिझर्व्ह स्टडी (पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांना किती पैसे लागतील आणि किती साठले आहेत याचा अहवाल), मागील तीन वर्षांचे हिशेब आणि किमान दोन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्ते मागून घ्यावीत. अभ्यासात निधी किती टक्के भरलेला आहे तो आकडा असतो. ७० टक्क्यांच्या वर असेल तर प्रकृती चांगली मानतात, ३० टक्क्यांच्या खाली असेल तर विशेष आकारणी फार लांब नाही असे समजावे. न्यू जर्सीत जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या कायद्याने बहुतेक संस्थांना असा अभ्यास करून घेणे आणि तो दर पाच वर्षांनी अद्ययावत करणे बंधनकारक झाले आहे. या कायद्यामागे फ्लोरिडातील सर्फसाइडची २४ जून २०२१ ची दुर्घटना आहे. त्या रात्री बारा मजली इमारत कोसळून ९८ माणसे गेली, आणि त्या इमारतीच्या संस्थेत दुरुस्तीच्या खर्चावरून वर्षानुवर्षे वाद चालू होते. आपल्या बैठ्या घरांना तसा धोका नाही हे खरे, परंतु मासिक शुल्क वाढू नये म्हणून निधी न भरण्याची सवय मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

नवे बांधकाम घेणार असाल तर आणखी एक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत संस्था बिल्डरच्या ताब्यात असते आणि विक्रीला सोयीचे जावे म्हणून मासिक शुल्क कमी ठेवले जाते. न्यू जर्सीत ७५ टक्के घरे विकली गेल्यावर कारभार पूर्णपणे रहिवाशांच्या हाती येतो, आणि खरा खर्च किती आहे ते बहुधा तेव्हाच उघड होते. आमच्या परिचयातील एका नव्या वसाहतीत हस्तांतरणानंतरच्या दोन वर्षांत शुल्क जवळपास दीडपट झाले.

प्रतिसाद २

मी फ्लोरिडापुरते लिहितो, कारण सहा वर्षांपूर्वी आम्ही इलिनॉयहून इकडे आलो.

इथे राज्याचा आयकर नाही, एवढ्या एका वाक्यावर पुष्कळ लोक निर्णय घेतात. माझ्या मते तो अपुरा हिशेब आहे. द व्हिलेजेस आणि तिच्यासारख्या अनेक वसाहतींत रस्ते, पाण्याच्या वाहिन्या, सांडपाण्याची व्यवस्था हे सर्व 'कम्युनिटी डेव्हलपमेंट डिस्ट्रिक्ट' नावाच्या निमशासकीय संस्थेने कर्जरोखे (बाँड) काढून उभारलेले असते. त्या कर्जाचा वाटा प्रत्येक घराच्या नावावर असतो आणि तो प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातून वर्षानुवर्षे वसूल होतो. नव्या भागातील घरावर ही रक्कम हजारो डॉलरची असू शकते, जुन्या भागात पूर्वीच्या मालकाने ती फेडून टाकलेली असू शकते. त्यामुळे दोन घरांची किंमत सारखी दिसली तरी ती सारखी नसते. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: या घरावरचा बाँड किती शिल्लक आहे?

दुसरी फसगत कराच्या बिलाची. इथे स्वतः राहत असलेल्या घराचे करपात्र मूल्य वर्षाला फार तर ३ टक्क्यांनी वाढवता येते. पंधरा वर्षे त्याच घरात राहिलेल्या माणसाचे बिल त्यामुळे अगदी कमी असते. घर विकले गेले, की पुढच्या वर्षी मूल्य बाजारभावावर येते. जाहिरातीत मागच्या मालकाचे बिल छापलेले असते आणि तुम्हांला दुप्पट बिल येते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

विमा हा तिसरा मुद्दा. छप्पर किती जुने आहे हे विमा कंपन्या आधी विचारतात. चक्रीवादळाच्या नुकसानीत स्वतः सोसायची रक्कम बहुधा घराच्या विमारकमेच्या टक्केवारीत असते, आणि पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, कारण घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. किनाऱ्यापासून दूर असलो तरी हे प्रश्न सुटत नाहीत.

एवढे सगळे लिहूनही सांगतो, की आम्ही इथे समाधानात आहोत. २०२० च्या जनगणनेत या एका वसाहतीची लोकसंख्या ७९,००० च्या आसपास भरली होती. गोल्फ कार्टने किराणा, बँक, दवाखाना सगळीकडे जाता येते, आणि ज्यांचे गाडी चालवणे सुटले आहे त्यांनाही त्यामुळे काही वर्षे अधिक स्वतंत्रपणे काढता येतात. माझ्या पत्नीला चित्रकलेचा वर्ग मिळाला आणि तिने साठीनंतर प्रथमच कुंचला हातात घेतला. परंतु न्यू जर्सीतील नाती इथे वर्षातून दोनदाच येतील, हे मनाशी धरूनच यावे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. राखीव निधी आणि बाँड हे दोन्ही शब्द आम्ही प्रथमच नीट समजून घेतले. तिन्ही ठिकाणी ही कागदपत्रे मागणारा ईमेल आजच पाठवला आहे. नाती सुट्टीत येऊन राहिल्या तर चालते का, आणि सासूबाई पुण्याहून चार-सहा महिने येतात त्यांचे काय, हे दोन प्रश्न अजून मनात आहेत.

प्रतिसाद ३

माझे वय ७४ आहे. टेक्ससमधील एका ५५ प्लस वसाहतीत आम्ही दोघे अकरा वर्षांपूर्वी आलो. चार वर्षांनी हे गेले. तेव्हापासून मी त्याच घरात एकटी राहते.

ताई, वरच्या दोघांनी पैशाचे सांगितले ते योग्यच आहे, पण मला वेगळे सांगायचे आहे. आम्ही जागा निवडली ती दोन धडधाकट माणसांसाठी. ह्यांना टेनिस आवडायचे म्हणून कोर्टाच्या जवळचे घर घेतले. मुख्य दरवाजापासून ते सर्वांत लांब होते आणि तेव्हा ती शांतता आम्हांला फार आवडली. ह्यांच्या पश्चात पहिल्या हिवाळ्यात मला कळले, की वसाहतीची बस मुख्य दरवाजापर्यंतच येते आणि माझे घर तिथून सव्वा मैलावर आहे. महामार्गावर गाडी चालवण्याचा आत्मविश्वास मला कधीच नव्हता. ते काम ह्यांचे होते. त्यानंतर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या आधीचे आठ महिने मी रात्री गाडी चालवूच शकत नव्हते. वसाहतीतले जवळजवळ सगळे कार्यक्रम संध्याकाळी सातनंतर असतात. क्लबहाउसचे दिवे मला घरातून दिसत आणि मी घरात बसलेली असे.

म्हणून जागा पाहायला जाल तेव्हा यजमानांना एक दिवस गाडीची किल्ली खिशात ठेवायला सांगा आणि दूध, औषध, डॉक्टर आणि एखादा कार्यक्रम एवढे सगळे गाडीशिवाय करून बघा. वसाहतीची वाहनसेवा आहे का, ती रोज चालते की मंगळवारी आणि गुरुवारी, रुग्णालयापर्यंत जाते की फक्त दुकानांपर्यंत, हे विक्री कार्यालयात विचारू नका, तिथे राहणाऱ्या एखाद्या एकट्या बाईला विचारा. आमच्याकडे सेवा माहितीपत्रकात 'उपलब्ध' असे लिहिले होते आणि ते खोटे नव्हते. ती आठवड्यातून दोन वेळा उपलब्ध होती.

घराचेही तसेच. एकमजली घर एवढ्यावर समाधान मानू नका. गॅरेजमधून घरात येताना दोन पायऱ्या आहेत का, न्हाणीघरात उंबरा न ओलांडता जाता येते का, दरवाजातून व्हीलचेअर जाईल का, कपडे धुण्याचे यंत्र कुठे आहे, हे मोजपट्टी घेऊन पाहा. ह्यांना शेवटचे पाच महिने व्हीलचेअर लागली आणि आमच्या झोपण्याच्या खोलीच्या न्हाणीघराचा दरवाजा दोन इंचांनी अरुंद निघाला. नवे घर बांधून घेताना तो रुंद करायला जे काही शे-दोनशे डॉलर लागले असते ते आम्ही वाचवले होते. त्या पाच महिन्यांत त्यांना पाहुण्यांच्या न्हाणीघरात न्यावे लागे आणि त्यांना त्याचा फार संकोच वाटत असे. ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता चांगले सांगते, कारण ते त्याहून मोठे आहे. आमच्या गल्लीत सात एकट्या बायका आहेत, त्यांत मी एकटीच भारतीय. रोज सकाळी आठपर्यंत प्रत्येकीने आपल्या गटावर 'उठले' एवढा निरोप टाकायचा, असा आमचा नियम आहे. जिचा निरोप आला नाही तिचे दार शेजारची वाजवते. दोन वर्षांपूर्वी माझा निरोप आला नाही. रात्री न्हाणीघरात पडून माझ्या खुब्याचे हाड मोडले होते. साडेआठला शेजारीण किल्लीने दार उघडून आत आली. आमच्या जुन्या घरी, जिथे पंचवीस वर्षे राहूनही शेजाऱ्याशी हात हलवण्यापलीकडे संबंध नव्हता, तिथे मी किती तास पडून राहिले असते हे मला सांगता येत नाही. ही व्यवस्था संस्थेने केलेली नाही, कोणत्याही माहितीपत्रकात ती सापडणार नाही. जागा पाहायला जाल तेव्हा अशा माणसांचा शोध घ्या.

प्रतिसाद ४

वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. ताई, आपण हे लिहिलेत याबद्दल ऋणी आहे.

मी शिप या शासकीय कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून मेडिकेअरविषयी, म्हणजे ६५ वर्षांपासून मिळणाऱ्या सरकारी आरोग्यविम्याविषयी, मोफत सल्ला देतो, म्हणून राज्य बदलण्याच्या संदर्भात थोडे लिहितो. यजमान पुढच्या वर्षी ६५ चे होतील, त्यामुळे हे तुमच्या दृष्टीने तातडीचे आहे. मूळ मेडिकेअर घेतले तर ते देशभर चालते. खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर अॅडव्हांटेज योजना मात्र काउंटीनुसार ठरलेल्या असतात आणि त्यांचे डॉक्टरांचे जाळे मर्यादित असते. दुसऱ्या राज्यात गेल्यावर अॅडव्हांटेजची योजना बदलावी लागते. मूळ मेडिकेअरला जोडून घ्यायची मेडिगॅप ही पूरक विमा पॉलिसी, मेडिकेअरचा पार्ट बी (डॉक्टरांच्या उपचारांचा भाग) सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या सहा महिन्यांत प्रकृतीची चौकशी न करता मिळते. त्यानंतर न्यूयॉर्क, कनेक्टिकट यांसारखी मोजकी राज्ये सोडली, तर काही ठरावीक प्रसंग वगळता विमा कंपनी प्रकृती पाहून नकार देऊ शकते. न्यू जर्सी, टेक्सस आणि फ्लोरिडा या तिन्ही राज्यांत हे लागू आहे. म्हणून ६५ व्या वर्षी केवळ हप्ता शून्य आहे म्हणून अॅडव्हांटेज घ्यायचे आणि पुढे गरज पडली की मेडिगॅप घेऊ असे ठरवायचे, हा धोका पत्करण्यापूर्वी आमच्यासारख्या कोणाशी तरी अवश्य बोलावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दीर्घकालीन शुश्रूषेचा खर्च मेडिकेअर करत नाही. रुग्णालयात किमान तीन दिवस दाखल राहिल्यानंतर नर्सिंग केंद्रातील उपचारांसाठी फार तर १०० दिवसांपर्यंत मदत मिळते आणि त्यांतलेही पहिले वीस दिवसच पूर्णपणे मोफत असतात. रोज अंघोळ घालणे, कपडे घालणे, जेवू घालणे यासाठी लागणारे माणूस त्यात बसत नाही. ५५ प्लस वसाहतीत हे माणूस तुम्हांलाच शोधावे लागते आणि त्याचे पैसेही तुम्हांलाच द्यावे लागतात. त्यामुळे वसाहतीपासून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरात चांगले असिस्टेड लिव्हिंग, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणारे ज्येष्ठांचे निवासस्थान, आहे का, घरी येणाऱ्या मदतनीसांच्या संस्था किती आहेत, हृदयविकाराचे उपचार होणारे रुग्णालय किती दूर आहे, हे आत्ताच पाहून ठेवावे. ज्यांना ही चिंता एकदाच मिटवायची आहे, त्यांच्यासाठी कंटिन्यूइंग केअर हा वेगळा प्रकार आहे. तिथे प्रवेशाची मोठी रक्कम भरावी लागते आणि स्वतंत्र घरापासून नर्सिंगपर्यंतची सोय एकाच आवारात मिळते. मात्र तिथे आत जाताना बहुधा प्रकृती ठीक असावी लागते.

प्रतिसाद ५

धागाकर्त्या ताईंच्या दोन प्रश्नांविषयी लिहिते.

कायद्यानुसार ५५ प्लस वसाहतीतील किमान ८० टक्के वसलेल्या घरांत ५५ किंवा अधिक वयाची निदान एक व्यक्ती राहत असली पाहिजे, संस्थेने तसे धोरण जाहीर करून पाळले पाहिजे आणि रहिवाशांच्या वयाची पडताळणी दर दोन वर्षांनी केली पाहिजे. उरलेल्या २० टक्क्यांचे काय करायचे ते संस्था ठरवते. तुम्ही दोघेही ५५ च्या पुढे असल्याने आणि सासूबाई तर सर्वांत ज्येष्ठ असल्याने त्यांच्या राहण्याला वयाची अडचण नाही. एका घरात किती माणसे राहू शकतात एवढे मात्र नियमावलीत पाहून घ्यावे. नातींच्या बाबतीत बहुतेक नियमावलींत १८ किंवा १९ वर्षांखालील पाहुण्यांना वर्षाला ठरावीक दिवस राहण्याची मुभा असते. आमच्याकडे ती मर्यादा तीस दिवसांची आहे आणि तलावावर मुलांसाठी रोज दोनच तास राखून ठेवले आहेत. उन्हाळ्याची पूर्ण सुट्टी नाती तुमच्याकडे घालवणार असतील, तर हे वाक्य करारापूर्वी शोधून वाचा.

हा नियम काटेकोर पाळला जातो म्हणून रागावण्याचे कारण नाही, हेही सांगते. अॅरिझोनातील यंगटाउन या १९५४ साली वसलेल्या, देशातील सुरुवातीच्या ज्येष्ठांच्या गावाने १९९८ मध्ये वयाची अट गमावली. एका आजीआजोबांनी नातवाला घरी ठेवून घेतले, गावाने दंड लावला आणि प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्यांपर्यंत गेले, तेव्हा ती अटच वैध नसल्याचे निष्पन्न झाले. आज तिथे मुले आहेत, आणि मला तरी त्यात काही वाईट दिसत नाही. परंतु जे केवळ त्या अटीच्या भरवशावर तिथे गेले होते त्यांच्यासाठी गाव बदलले.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सहसा विचारत नाही. माझा मुलगा ३२ वर्षांचा आहे आणि तो स्वमग्न आहे. तो आयुष्यभर आमच्याबरोबर राहणार आहे. दोन वसाहतींच्या विक्री कार्यालयांनी आम्हांला तोंडी 'जमणार नाही' असे सांगितले. वयाची सूट असली तरी अपंग व्यक्तींना मिळणारे त्याच कायद्याचे संरक्षण या वसाहतींना टाळता येत नाही. तसेच आजारपणामुळे ५५ पेक्षा कमी वयाचा मदतनीस घरात राहणे आवश्यक असेल, तर ते घर त्या ८० टक्क्यांच्या हिशेबात मोजले जात नाही. आम्ही लेखी विनंती केली आणि तिसऱ्या वसाहतीने महिन्याभरात लेखी संमती दिली. अशी मुले असलेल्या मराठी आईवडिलांनी तोंडी नकारावर परत फिरू नये.

प्रतिसाद ६

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कोणाला दुखवण्यासाठी नाही.

आम्ही अशा वसाहतीत तीन वर्षे राहिलो आणि परत साध्या गावात आलो. अॅरिझोनातील सन सिटी ही ज्येष्ठांची वसाहत १ जानेवारी १९६० रोजी सुरू झाली तेव्हा पहिल्या काही दिवसांतच सुमारे एक लाख लोक ती पाहायला गेले होते, इतकी ती कल्पना लोकांच्या मनात भरली. म्हातारपण म्हणजे कोपऱ्यात बसणे नव्हे, हे त्या कल्पनेने शिकवले आणि त्याचे मोल मी मान्य करतो. परंतु जिथे रस्त्यावर दप्तर घेतलेले मूल दिसत नाही, शाळेची बस थांबत नाही, तिथे माझ्या पत्नीला करमेना. रुग्णवाहिका मात्र आठवड्यातून तीन-चारदा दिसे. आज आमच्या घराच्या समोर प्राथमिक शाळा आहे आणि पत्नी तिथे आठवड्यातून दोन दिवस मुलांना वाचून दाखवते. एकमजली घर, बर्फ काढणारा ठरलेला माणूस आणि चालत जाण्याच्या अंतरावर वाचनालय एवढ्यावर आमचे भागले. तुमचे यजमान बर्फामुळे अंथरुणाला खिळले म्हणून राज्य बदलायचे असेल, तर आधी बर्फ काढणारा माणूस ठेवून एक हिवाळा बघा, असे मी सुचवेन.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

प्रतिसाद ६ मधील मत मला पटले नाही, तरी त्यातली वेदना समजते. मुलांचा आवाज मलाही आठवतो. मात्र साध्या गल्लीत सगळे तरुण शेजारी सकाळी सातला कामावर जातात आणि संध्याकाळी सातला परततात. पडलेल्या माणसासाठी ते बारा तास फार मोठे असतात.

प्रतिसाद ७

आपल्या माणसांत राहण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. फ्लोरिडातील तवारेस येथे शांतिनिकेतन ही भारतीय ज्येष्ठांसाठीची वसाहत आहे, आणि मनरोच्या परिसरातील अनेक वसाहतींत भारतीय कुटुंबांची संख्या आता चांगलीच वाढली आहे. आम्ही घर घेताना हाच निकष सर्वांत वर ठेवला होता. सात वर्षांच्या अनुभवानंतर मी त्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. माझ्या वडिलांना शेवटच्या दोन वर्षांत विस्मरणाचा आजार झाला आणि पन्नास वर्षे बोललेले इंग्रजी हळूहळू गळून पडले. त्यांना फक्त मराठी उरली. त्या दिवसांत शेजारचे एक मराठी गृहस्थ रोज दुपारी येऊन त्यांच्याशी सांगलीच्या गोष्टी बोलत बसत. ती सोय पैशाने झाली नसती. मात्र त्याच काळात घरी येणारी मदतनीस मिळायला आम्हांला सहा आठवडे लागले, कारण वसाहत शहरापासून फार दूर होती. दोन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळत असतील तर त्यासाठी घर थोडे लहान घ्यायला हरकत नाही.

बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या संघटनेच्या, अधिवेशनांत ज्येष्ठांसाठी 'उत्तररंग' हा कार्यक्रम असतो, तिथे वेगवेगळ्या राज्यांत स्थायिक झालेली मंडळी भेटतात. विक्री प्रतिनिधीपेक्षा त्यांच्याशी तासभर बोलणे अधिक उपयोगी पडेल.

धागाकर्ती

सर्वांचे पुन्हा आभार. मधल्या तीन आठवड्यांत काय झाले ते कळवते.

तिघांपैकी दोघांनी कागदपत्रे पाठवली. मनरोमधील ज्या वसाहतीचे क्लबहाउस आम्हांला सर्वांत साधे वाटले होते, तिचा राखीव निधी ८१ टक्के भरलेला आहे आणि गेल्या सहा वर्षांत विशेष आकारणी झालेली नाही. दुसऱ्या एका ठिकाणच्या इतिवृत्तांत मुख्य रस्त्याच्या दुरुस्तीवरून दीड वर्ष चाललेला वाद सापडला. तिसऱ्या ठिकाणाहून 'खरेदीचा करार झाल्यावर देऊ' असे उत्तर आले, म्हणून तो पर्याय आम्ही बाजूला ठेवला आहे. यजमानांना त्याचे थोडे वाईट वाटले, कारण त्यांचे मित्र तिथेच आहेत.

गेल्या मंगळवारी आम्ही मनरोला गेलो आणि गाडी दरवाजाजवळ ठेवून दिवसभर पायी आणि वसाहतीच्या बसने फिरलो. बस रुग्णालयापर्यंत जाते, मात्र शनिवारी आणि रविवारी नसते. बसमध्ये ८३ वर्षांच्या एका बाईंच्या शेजारी बसले होते. त्यांना तुमच्या 'उठले' या निरोपाविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी आपल्या गल्लीत खिडकीचा पडदा सकाळी नऊपर्यंत उघडण्याची पद्धत असल्याचे सांगितले आणि जाता जाता कोणत्या गल्लीत घर रिकामे होणार आहे तेही सांगितले. ते घर आम्ही रविवारी पाहणार आहोत. न्हाणीघराच्या दरवाजासाठी मोजपट्टी पर्समध्ये ठेवली आहे. टेक्ससच्या ताई, दरवाजा किती इंच रुंद असावा ते कृपया रविवारच्या आत कळवाल का?

प्रतिसाद ३ (पुन्हा)

उघडल्यावर मधली मोकळी जागा किमान ३२ इंच मिळाली पाहिजे, ३६ मिळाली तर उत्तम. दार पूर्ण उघडून, दाराची फळी आणि समोरची चौकट यांच्या मधले अंतर मोजा. नुसती चौकट मोजू नका, आमची चूक तिथेच झाली होती. आणि न्हाणीघरात आधाराची दांडी बसवायची असेल तर भिंतीच्या आत लाकडी आधार आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.